हौसेला चारही चाकं

फोर बाय फोर घ्यायची ठरवलेल्या माणसाचं पहिलं लक्षण असं, की तो चांगल्या रस्त्यांबद्दल वाईट बोलायला लागतो. कालपर्यंत ज्याला ताम्हिणीत गाडी लागायची, लिंबू हुंगत जो खिडकीशी बसायचा, तो आज ‘डांबर संपतं तिथून आपण सुरू होतो’ असं स्टेटस ठेवतो. दुसरं लक्षण, तो अंश मोजायला लागतो. गाडीच्या नाकाखालचा कोन किती, शेपटाखालचा किती, पोटाखालचा किती. शाळेत भूमितीत जेमतेम काठावर पास झालेला गडी आता ४१ अंशांच्या खाली बोलत नाही.

मुलं कॉलेजात गेलेली, फ्लॅटचे हप्ते आटोक्यात आलेले आणि गुडघे अजून शाबूत. या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी जुळून आल्या की मराठी मध्यमवर्गीयाला सह्याद्री हाका मारतो. चालत यायला नाही, बसून यायला.

खड्ड्यांवरचा विनोद या आठवड्यात करणार नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. त्याच्याशी विनोदात स्पर्धा करणं या सदराला परवडत नाही.

तर माझा मेव्हणा. त्याला नुसती फोर बाय फोर नको आहे, फोर बाय फोर व्हॅन हवी आहे. आठ माणसं बसली पाहिजेत, दोन झोपली पाहिजेत. मागे ओटा, फ्रीज, १०० लिटरची पाण्याची टाकी. टपावर उघडणारा तंबू. आणि हा सगळा संसार घेऊन भर पावसात ती लोणावळ्याहून राजमाचीला गेली पाहिजे. “दाजी, चारही चाकांना जोर असला की झालं. बाकी काय लागतं?”

बाकी बरंच लागतं, पण ते ब्रोशरमध्ये नसतं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. तंबू, कॅरिअर आणि जादाचा टायर टपावर चढला की गाडीचं वजन वरच्या अंगाला जातं आणि बाजूच्या उतारावर ती कलंडायला निमित्त शोधू लागते. व्हॅन लांब असते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. आडरानात नेमका तोच नडतो. पुढची चाकं उंचवटा ओलांडून गेली, मागची अजून यायची आहेत, आणि मधलं पोट उंचवट्यावर टेकलं, की चारही चाकांना भरपूर जोर असतो आणि चारांपैकी एकालाही जमिनीवर नीट पाय ठेवता येत नाही. म्हणून जंगलातल्या गाड्या आखूड असतात. आठ माणसं, ओटा आणि राजमाची यातलं काहीतरी एक सोडावं लागतं. मेव्हणा म्हणतो, आपण माणसं सोडू. हा पर्याय त्याच्या बायकोसमोर मांडलेला नाही.

आता बाजार बघू. शोरूममध्ये जाऊन “चारही चाकांना जोर असलेली व्हॅन दाखवा” म्हणालात, तर सेल्समन आधी पाणी आणून देतो आणि मग एसयूव्ही दाखवतो. सनरूफ उघडून दाखवतो, मिटवून दाखवतो. लो-रेंजचं, म्हणजे चढण-चिखलासाठीच्या खालच्या गिअरचं, विचारलंत तर मायलेजचं उत्तर मिळतं.

थारचं उदाहरण घ्या. ही गाडी ज्या घराण्यातली आहे त्या महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली, म्हणजे चिखलाचा अनुभव स्वातंत्र्याच्या वयाचा. पण २०२३ च्या जानेवारीत त्यांनी थारची एक स्वस्त आवृत्ती आणली, जिला फक्त मागच्या दोन चाकांचा जोर. रूप तेच, रुबाब तोच, पुढच्या चाकांकडे केवळ दिशा दाखवण्याचं काम. पुढे २०२४ च्या १५ ऑगस्टला पाच दारांची रॉक्स आली, तिच्यातही फोर बाय फोर फक्त डिझेलला. पेट्रोलवाल्यांनी दोन चाकांवर समाधान मानायचं. टीका म्हणून सांगत नाही, आदराने सांगतोय. गिऱ्हाइकाची इतकी अचूक नाडी वैद्यालाही सापडत नाही. लोकांना डोंगर चढायचा नसून डोंगर चढणाऱ्यांसारखं दिसायचं आहे, हे ज्याने ओळखलं त्याला कुठल्याही मॅनेजमेंट कॉलेजात सन्मानाने बोलवावं.

उलट बाजूला मारुतीची जिम्नी. २०२३ च्या जूनमध्ये आली. वजन बाराशे किलोच्या आसपास, शिडी-चेसिस, पोटाखाली २१० मिलिमीटर, आणि फोर बाय फोरशिवाय ती विकायलाच ठेवली नव्हती. लो-रेंज सगळ्या मॉडेलांत. म्हणजे प्रामाणिक गाडी. साहजिकच आपल्याकडे तिला थंड प्रतिसाद मिळाला. मागे सुटकेस मावत नाही, चारच माणसं बसतात, एवढ्या पैशात मोठी दिसणारी मिळते, अशा तक्रारी. तीच गुडगावात बनलेली गाडी ‘नोमाड’ नाव लावून २०२५ च्या सुरुवातीला जपानला गेली, तर काही दिवसांत पन्नास हजारांच्या घरात मागणी आली आणि ऑर्डर घेणं थांबवावं लागलं. आपल्या मुलीसाठी नाकारलेलं स्थळ परदेशात डॉक्टर झाल्याचं कळावं तसं गावभर झालं. मेव्हण्याचं मत मात्र पक्कं: “छोटी दिसते, दाजी.”

व्हॅनच्या सगळ्यात जवळ जाते ती आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा. ही कंपनी म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो. जिच्या मॅटाडोरमधून निम्म्या महाराष्ट्राची वऱ्हाडं गेली आणि जिच्या ट्रॅव्हलरमधून उरलेल्या निम्म्याची अष्टविनायक यात्रा झाली, तीच. २०२४ साली गुरखाला पाच दारं आणि सात सीट मिळाल्या. २.६ लिटरचं डिझेल इंजिन, पोटाखाली २३३ मिलिमीटर, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची तयारी आणि पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक, जे भल्याभल्या महागड्या गाड्यांना नसतात. मेव्हणा टेस्ट ड्राइव्हला गेला आणि तोंड पाडून परत आला. “आत बसलं की टेम्पोत बसल्यासारखं वाटतं.” अरे बाबा, टेम्पोच्याच घरात जन्मलीय ती! दुसरी अडचण जास्त गंभीर होती. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने विचारलं, “साहेब, ही फॉरेस्टची गाडी काय?” अठरा लाख खर्चून फॉरेस्ट गार्ड समजलं जाणं कुणाला आवडेल?

डिफरन्शियल लॉक म्हणजे काय, हे फोर बाय फोर विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावं म्हणून मधे डिफरन्शियल असतो. रस्त्यावर हा देवमाणूस. चिखलात मात्र त्याचा एक वाईट स्वभाव उघडा पडतो: ज्या चाकाखाली पकड नाही त्याच्याकडे सगळं फिरणं वळतं. ते चाक हवेत गरगर फिरतं, आणि ज्याच्या पायाखाली घट्ट जमीन आहे ते शांतपणे उभं राहून बघतं. ज्याने सरकारी कार्यालयात टेबलं बदलत काम करून घेतलंय त्याला ही यंत्रणा वेगळी समजवावी लागत नाही.

साध्या फोर बाय फोरमध्ये असे दोन डिफरन्शियल, एक पुढे आणि एक मागे. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी झालं की तुमची चारचाकी जोरवाली गाडी जागच्या जागी दोन चाकं फिरवत उभी. लॉक असेल तर दोन्ही चाकं एकत्र जखडली जातात आणि गाडी निघते. आजकाल काही गाड्यांत लॉकऐवजी संगणक असतो. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तो जोर दुसऱ्याकडे ढकलतो. त्यानेही बरंच काम भागतं. पण मुद्दा असा की गाडी चिखलातून निघते ती चाकांच्या संख्येवर कमी आणि या लॉकवर, टायरवर, वजनावर जास्त.

याचा जिवंत पुरावा म्हणजे ट्रॅक्टर. काळ्या रानात जुलै महिन्यात वीस लाखांची फोर बाय फोर बोनेटपर्यंत बसते, मग वस्तीवरून कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन येतो. हा ट्रॅक्टर बहुतेक वेळा दोन चाकांवर चालणारा असतो! पण त्याच्या मागच्या टायरला तळहाताएवढे दात आहेत, गिअर इतका खालचा आहे की गोगलगायीने ओव्हरटेक करावं, आणि चालकाच्या पायाशी डिफरन्शियल लॉकचं पेडल आहे. ते तो दाबतो, दोर बांधतो आणि काढतो. पैसे विचारले तर म्हणतो, द्या काय द्यायचे ते. त्या ‘काय द्यायचे ते’ची किमान रक्कम ठरलेली असते, पण ती सांगणं सभ्यतेत बसत नाही.

मुळात तिथे जायचं कशाला? शेतकरी स्वतः वापसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. ही काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत लिंपून बसते आणि दोन फेऱ्यांत टायरचा गुळगुळीत रूळ करून टाकते. मग टायर हायवेचा असो की आडरानाचा, फरक पाहुण्यांना दिसण्यापुरता. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे ज्ञान चावडीवर चहाच्या कपात फुकट मिळतं. पण त्यासाठी गाडीतून उतरून कुणाला तरी “राम राम, पलीकडे जाता येईल का?” असं विचारावं लागतं, आणि फोर बाय फोरवाल्याला विचारण्यात कमीपणा वाटतो. मॅपवर रस्ता दिसतोय ना!

लॉक लावून, फोर-व्हील टाकून कोरड्या डांबरी रस्त्यावर हिंडणारेही पाहिलेत. “एक्स्प्रेसवेला ग्रिप चांगली मिळते.” साध्या प्रकारच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना जखडलेला असतो. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर, मागच्यांना कमी. चिखलात चाक थोडं घसरून हिशोब मिटवतं. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही, मग तो हिशोब गिअरच्या दातांकडून वसूल होतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी वळवताना टक टक आवाज येतो, तेव्हा मालक अभिमानाने सांगतो, “पॉवर आहे.” खर्चाचा आवाज आहे तो.

समुद्राबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. कोकणात शनिवार-रविवारी किनाऱ्यावर गाडी रुतली नाही असा हंगाम जात नाही. ओहोटीला ओली वाळू टणक दिसते, गाडी मजेत पळते, रील निघतं. मग कुणाला तरी वर, कोरड्या वाळूकडे वळायची बुद्धी होते. तिथे टायर बसतो. चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, टायर खड्डा खणतो, पोट वाळूवर बसतं. यावर उपाय फुकटात आहे: टायरमधली हवा ३२ पीएसआयवरून १८-२० वर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. (हा पीएसआय वेगळा, पोलिस ठाण्यातला नंतर येतो.) पण हवा काढली तर ती परत भरायला पंप लागतो, आणि पंपाचे पैसे एलईडी बारमध्ये गेलेले असतात. दोर गुंडाळून गाडी ओढणारा विंच असतो, पण विंचला बांधायला झाड लागतं आणि समुद्रात झाड नसतं. सहा तासांत भरती येते. ट्रॅक्टरवाला घड्याळ बघतो. पाणी चढतं तसा दरही चढतो, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर बोलायची सोयच नाही.

गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली की पोलिस गुन्हा नोंदवतात. आपल्याकडे वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पुरलेली असतात. त्यांच्यासाठी गावातली माणसं रात्री जागतात. त्या वाळूवर हे फोर बाय फोरवाले टायर फिरवतात, आणि मागच्या काचेवर स्टिकर, ‘निसर्ग वाचवा’.

राजमाचीच्या वाटेचं तेच. पावसाळ्यात ओढे ओलांडायला फोर बाय फोरचे ताफे जातात, एकमेकांना दोराने ओढतात, टाळ्या वाजवतात. त्याच वाटेने उधेवाडीचा माणूस मोटारसायकलवर गॅसची टाकी बांधून जातो. त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवत नाही. रविवारी संध्याकाळी ताफा परततो आणि ओल्या वाटेत ढोपरभर खोल चाकोऱ्या ठेवून जातो. दिवाळीत त्या वाळून दगड होतात. पुढचं वर्षभर त्यातून गाडी घालायची ती मोटारसायकलवाल्याने.

गाडी सजवण्याचा खर्च मेव्हण्याने वेगळा काढून ठेवलाय. पुढे लोखंडी बंपर, टपावर एलईडीची माळ, दोन इंच वर उचललेलं सस्पेन्शन, कानाएवढे बाहेर आलेले टायर. यातलं बरंचसं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं: कंपनीने जशी बनवली त्याच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करायचा नाही. लोखंडी बंपरवर कारवाई करा असं केंद्राच्या रस्ते मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, कारण तो पादचाऱ्याला मारतो आणि धडकेच्या वेळी आतल्या माणसाच्या एअरबॅगचाही घोटाळा करतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ चा अर्थ आणखी घट्ट करून दिला. विमा कंपनीला तर असा बदल दिसला की दिवाळीच. हे सगळं सांगितल्यावर मेव्हणा म्हणाला, “दाजी, सगळेच लावतात.” हे आपलं खरं कलम ५२.

आत ओटा आणि पलंग टाकायलाही नियम आहेत. राज्याने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्या उभ्या करायला जागा म्हणजे कॅरॅव्हॅन पार्कही आहेत. पण मेव्हण्याला पार्क नकोय. त्याला कड्याच्या टोकाला, ढगांत, एकटं उभं राहायचंय, आणि तिथे नेटवर्कही हवंय.

आता जरा बाहेर बघू, कारण फोर बाय फोर व्हॅन नावाची गोष्ट जगात आहे आणि ती श्रीमंतांच्या खेळासाठी जन्मलेली नाही.

रशियात व्होल्गाकाठच्या उल्यानोव्स्कमध्ये १९६५ पासून एक व्हॅन बनते. आकार पावाच्या लादीसारखा, म्हणून लोक तिला पाव म्हणतात, ‘बुखांका’. इंजिन दोन सीटच्या मधे, हीटर कधी चालतो कधी नाही, आरामाचा पत्ता नाही. चारही चाकांना जोर मात्र जन्मापासून. तिचीच रुग्णवाहिका निघाली आणि तिला लोकांनी ‘गोळी’ असं औषधी नाव दिलं. बर्फ, दलदल, वितळणारे रस्ते यातून ती खेड्यात डॉक्टर पोचवते. साठ वर्षं झाली, तोंडवळाही फारसा बदललेला नाही, कारण तिच्याकडे कुणी आरशासारखं बघत नाही.

जपानचं आणखी बोलकं. तिथे ६६० सीसीच्या, ३.४ मीटर लांबीच्या चिमुकल्या व्हॅन आणि ट्रक असतात. सुझुकीची कॅरी आणि एव्हरी, डायहात्सूची हायजेट. भातखाचरांच्या बांधावर, संत्र्याच्या उतारावरच्या बागांत या गाड्या हिंडतात. फोर बाय फोर त्यांत सर्रास मिळतं आणि शेतकऱ्यांसाठी खास काढलेल्या मॉडेलला चक्क डिफरन्शियल लॉक असतो. जो लॉक आपल्याकडे मेव्हण्याच्या स्वप्नात येतो, तो तिथे भाजी वाहणाऱ्या आजोबांच्या गाडीला आहे. सुबारूच्या अशाच गाडीचं नाव ‘सांबर’, आपल्या जंगलातल्या हरणावरून ठेवलेलं, आणि ती शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत विकली जायची. सहकार आपल्याकडेही आहे. आपल्याकडे फोर बाय फोर संस्थेच्या अध्यक्षांना मिळते. पांढरी.

गंमत पुढे आहे. आपली मारुती व्हॅन, जी १९८४ साली आली, पुढे ओम्नी झाली आणि २०१९ साली बंद पडली, ती याच सुझुकी कॅरीची सख्खी. तिच्या जपानी भावंडांना फोर बाय फोर होतं. इकडे येताना ते तिकडेच राहिलं. ओम्नीने शाळेची पोरं नेली, डेअरीचे कॅन नेले, हिंदी सिनेमातल्या नायिका पळवल्या, सगळं मागच्या दोन चाकांवर. ज्या देशात अर्धी गावं पावसाळ्यात चिखलापलीकडे असतात, तिथे शेतकऱ्याच्या व्हॅनला चारही चाकांचा जोर द्यावा असं कुणाला वाटलं नाही. तो जोर दहा-वीस वर्षं थांबवून, क्रोम लावून, मेव्हण्यासाठी राखून ठेवला.

आणि तरी आडरानात गाडी जातेच आहे. रोज जाते. सातारा-कोल्हापुरात तिला वडाप म्हणतात, मराठवाड्यात काळी-पिवळी. ट्रॅक्स, कमांडर, मॅक्स, जे असेल ते. परवाना नऊ-दहा माणसांचा, आत सतरा, मागच्या फूटबोर्डवर तीन, टपावर बाजाराची पोती आणि एखादी शेळी. चालक निम्मा दाराबाहेर, कारण त्याच्या सीटवर त्याच्याशिवाय दोघं बसलेत. टायरची नक्षी गेल्या निवडणुकीपर्यंत होती. दोन चाकांचा जोर. ही गाडी ज्या घाटवाटा आणि ओढे सकाळ-संध्याकाळ ओलांडते, त्यावर मेव्हण्याचा क्लब वर्षातून एकदा मोहीम काढतो आणि परत आल्यावर प्रमाणपत्रं वाटतो. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला निघालेली एसटीही आजतागायत मागच्याच चाकांवर गावोगाव पोचतेय. तिच्या चालकाला तर प्रमाणपत्राऐवजी मेमो मिळतो.

पण मागची चाकं सगळीकडे पोचत नाहीत. २०१४ पासून आपल्याकडे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. चांगली सेवा, अनेकांचे जीव वाचवलेत तिने. बऱ्याच गाड्या ट्रॅव्हलर जातीच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या. नंदुरबारच्या अक्राणीत, पालघरच्या मोखाड्यात, मेळघाटात ती डांबराच्या शेवटापर्यंत येते आणि थांबते. तिथून पाड्यापर्यंत बाळंतीण बांबूच्या झोळीत असते, चार माणसांच्या खांद्यावर. दर पावसाळ्यात ही बातमी पान पाचवर असते. पान एकवर नव्या एसयूव्हीची पानभर जाहिरात असते, त्यात गाडी ओढ्यातून पाणी उडवत चाललेली असते. ओढा बहुधा त्याच जातीचा.

हे मेव्हण्याला सांगितलं. तो गंभीर झाला. म्हणाला, “दाजी, यावर एक रील करायला पाहिजे.”

तरीही ज्यांना घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. व्हॅनचा हट्ट सोडा. आखूड, हलकी, शिडी-चेसिसची गाडी बघा. लो-रेंज गिअर आहे का ते विचारा, आणि सेल्समनने “ऑल-व्हील ड्राइव्ह आहे ना” म्हटलं तर तीच गोष्ट नाही हे लक्षात ठेवा. लॉक किंवा निदान ब्रेकवाला संगणक असावा. मग बंपरचे पैसे टायरला द्या, एलईडीचे पैसे हवेच्या पंपाला, आणि उरलेल्यात फावडं आणि चांगला दोर घ्या. एकट्याने जाऊ नका, वाहत्या पाण्यात उतरण्याआधी चालत जाऊन बघा, आणि चालत जायची भीती वाटत असेल तर गाडीनेही जाऊ नका. वर्षातून दोनच रविवार लागणार असेल तर पायथ्याच्या गावातली जीप चालकासकट भाड्याने घ्या. तो घेईल त्या पैशात त्याचं घर चालेल, आणि कुठे थांबायचं हे त्याला माहीत असतं.

हा सल्ला मेव्हण्याने वहीत लिहून घेतला. पंधरवड्याने पेढे घेऊन आला. गाडी बुक झाली होती. पांढरी, पेट्रोल, ऑटोमॅटिक, छत उघडणारी, सीटला थंड वारा येणारी, आणि मागच्या दोन चाकांवर चालणारी.

“अरे, पण चारही चाकांना जोर हवा होता ना तुला?”

“त्याचं काय एवढं, दाजी,” पेढा माझ्या हातावर ठेवत तो म्हणाला, “फोर बाय फोरचं स्टिकर मिळतं वेगळं. साडेतीनशे रुपयांत लावून देतात.”